टबाची किंमत लाखांत, पाण्याची दीड रुपयात

महानगरांतील नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत एकेकाळी दिवाणखान्याला जो मान होता, तो आता न्हाणीघराकडे गेला आहे. नमुना सदनिका दाखवणारा विक्री प्रतिनिधी ग्राहकाला दिवाणखाना, स्वयंपाकघर, शयनकक्ष असे फिरवत शेवटी ‘मास्टर बाथरूम’मध्ये आणतो. तेथे भिंतीपासून सुटा, खिडकीकडे तोंड करून ठेवलेला पांढराशुभ्र टब असतो. त्याच्या शेजारी जमिनीतून वर आलेला उंच नळ, छतात बसवलेला ताटाएवढा शॉवर, एकाच दगडातून कोरलेले बेसिन आणि सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याच्या तोट्या. घर विकत घेणाऱ्याच्या मनात ‘आपण कुठवर आलो’ याची जी मोजपट्टी असते, तिच्यावर या टबाने अलीकडे वरचे स्थान मिळवले आहे.

ही हौस स्वस्त नाही. अ‍ॅक्रिलिकचा साधा सुटा टब काही दहा हजार रुपयांत मिळतो; कृत्रिम दगडाचा किंवा परदेशी बनावटीचा घ्यायचा तर किंमत लाखांत जाते. नळ, मिक्सर, शॉवर आणि जमिनीखालून न्यावयाच्या नळ्या यांचा खर्च वेगळा. पैसा ज्याचा त्याचा आहे आणि तो कशावर खर्च करावा हे सांगण्याचा अधिकार इतरांना नाही, हे खरेच. परंतु टबाची किंमत दुकानात चुकती केली म्हणजे हिशेब संपत नाही. त्यात भरायचे पाणी शहराचे असते, त्याचा भार पेलणारा स्लॅब इमारतीचा असतो आणि त्यातून सुटणारे सांडपाणी सर्वांच्या गटारात जाते. या सार्वजनिक वाट्याचे मोल महाराष्ट्रातील शहरे आजवर करू शकलेली नाहीत. चर्चा व्हायला हवी ती याची.

न्हाणीघराचा हा प्रवास मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाशी जोडलेला आहे. मुंबईच्या चाळीत खोलीच्या कोपऱ्यात मोरी असे. तिथेच आंघोळ, तिथेच भांडी आणि शौचालय मजल्याच्या टोकाला, सामाईक. त्यामुळे ‘सेल्फ-कन्टेन्ड ब्लॉक’ हा शब्द त्या पिढीला मोठा वाटे. घरातल्या घरात संडास-बाथरूम असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. पुढे शयनकक्षाला जोडलेले न्हाणीघर आले, मग प्रत्येक शयनकक्षाला स्वतंत्र. बंब, घंगाळ आणि पितळी तांब्या माळ्यावर गेले, त्यांची जागा गीझर, प्लास्टिकची बादली आणि मग्याने घेतली. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापुरता पाट शिल्लक राहिला. सुटा टब ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे आणि ती चढू पाहणाऱ्यांत केवळ जन्मजात श्रीमंत नाहीत. चाळीतून निघून दोन पिढ्यांत तीन शयनकक्षांच्या घरात पोहोचलेली कुटुंबेही त्यांत आहेत.

टबाचे मूळ मात्र वेगळ्या हवेतले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांना पाणी पाजण्यासाठीच्या बिडाच्या हौदाला एनॅमलचा लेप दिला आणि चार पाय लावल्यास हाच हौद आंघोळीचा टब म्हणून वापरता येईल, असे आपल्या सूचिपत्रात म्हटले. आज चैनीची खूण मानल्या जाणाऱ्या ‘पायांच्या टबा’ची एक मोठी परंपरा अशी गोठ्यातून सुरू झाली. थंड प्रदेशात गरम पाण्यात बुडून राहण्याला अर्थ होता. भारतीय स्नानाची रीत याच्या उलट. वाहते पाणी अंगावर घ्यायचे आणि ते लगेच वाहून जाऊ द्यायचे. वापरलेल्या पाण्यात बसून राहणे आपल्याकडे शुद्धतेच्या कल्पनेत बसत नसे. त्यामुळेच ज्या घरांत टब आहे, त्यांतील अनेक घरांत पहिल्या काही महिन्यांनंतर तो कोरडा राहतो किंवा धुवायच्या कपड्यांची टोपली होतो, अशी स्थिती आढळते. आतिथ्य व्यवसायाचा कलही बोलका आहे. जागा, पाणी आणि साफसफाईचा वेळ यांचा हिशेब करून अनेक हॉटेलांनी आपल्या सर्वसाधारण खोल्यांतून टब काढून टाकला आणि तिथे केवळ शॉवर ठेवला.

आता पाण्याचा हिशेब. मध्यम आकाराच्या सुट्या टबात पाय पसरून बसायचे तर २०० ते ३०० लिटर पाणी लागते. मध्य म्हणून २५० लिटर धरले, तर वीस लिटरच्या बारा बादल्यांहून हे अधिक होते. भारतीय मानकांनुसार सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्यातील ५५ लिटर आंघोळीसाठी, ३० लिटर संडासात ओतण्यासाठी, २० लिटर कपडे धुण्यासाठी, भांडी आणि घराची स्वच्छता यांना प्रत्येकी दहा आणि स्वयंपाक व पिण्यासाठी प्रत्येकी पाच, अशी त्याची विभागणी आहे. म्हणजे टबातील एक स्नान साडेचार माणसांच्या आंघोळीचे पाणी घेते.

यातील ५५ हा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जलजीवन मिशनची घोषणा केली, तेव्हा ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरवले. हे पाणी पिण्यापासून कपडे धुण्यापर्यंत सगळ्यासाठी. शहरातील माणसाच्या केवळ आंघोळीला जेवढे पाणी कागदावर मान्य आहे, तेवढ्यात खेड्यातील माणसाने पूर्ण दिवस काढायचा आहे. टबातील एका संध्याकाळचे पाणी हे त्या हिशेबाने साडेचार ग्रामस्थांचे दिवसभराचे पाणी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी पोहोचवले होते. एका शहराची तहान भागवण्यासाठी साऱ्या देशाने डोळे लावून पाहिलेल्या त्या गाडीत दोन हजार टबांपुरते पाणी होते.

मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. मोडकसागर, तानसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे पाचही बाहेर, ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. एकट्या भातसाकडून शहराचे जवळपास निम्मे पाणी येते. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईच्या मोठ्या जलवाहिन्या निघतात, त्याच तालुक्यातील अनेक गावे व पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहराची मागणी वाढत राहिली, तर पुढचे धरणही तिकडेच होणार. पालघर जिल्ह्यातील गारगाई प्रकल्पाची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. सहा गावे आणि तानसा अभयारण्याचा काही भाग त्यात बाधित होणार असल्याने हा प्रकल्प मध्यंतरी बाजूला ठेवण्यात आला आणि नंतर पुन्हा पुढे आणला गेला. मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना हा दुसरा पर्याय. पण त्या पाण्याचा दर धरणाच्या पाण्याच्या कितीतरी पट असणार, हे उघड आहे.

इतक्या दुरून आणि इतक्या किमतीने आलेले हे पाणी मुंबईकराला मिळते ते हजार लिटरला सुमारे सहा रुपये या घरगुती दराने. म्हणजे काही लाखांच्या टबात भरलेले अडीचशे लिटर पाणी पडते दीड रुपयाला. हेच पाणी कोमट करण्यासाठी लागणारी वीज त्याहून किती महाग आहे, हे पाहण्यासारखे आहे. २५ अंशांचे अडीचशे लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवायला साडेचार युनिटांच्या आसपास वीज खर्च होते. तिचे बिल तीस-चाळीस रुपयांच्या घरात जाते. विजेसाठी घरागणिक मीटर आहे, म्हणून हा खर्च टब वापरणाऱ्याच्याच बिलात दिसतो. पाण्याचा मात्र दिसत नाही.

जादा वापराला जादा दर लावण्याची तरतूद मुंबईत नाही, असे नाही. माणशी दीडशे लिटरपर्यंत मूळ दर आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने दुप्पट, तिप्पट, चौपट अशी चढती आकारणी महापालिकेच्या दरपत्रकात आहे. तत्त्व म्हणून ती योग्यच. पण तिचा उपयोग होण्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, चौपट दराने आकारणी झाली तरी टबभर पाणी सहा रुपयांनाच पडते. लाखांचा टब घेणाऱ्याला ही रक्कम जाणवण्याचेही कारण नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. बहुतेक सोसायट्यांत पाण्याचा मीटर इमारतीला एकच असतो. आलेले बिल सदनिकांत वाटून दिले जाते. दोन बादल्यांत आंघोळ उरकणारे निवृत्त दांपत्य आणि रोज टब भरणारा त्यांचा शेजारी यांच्या वापराची सरासरी निघते आणि ती दीडशे लिटरच्या आत राहिली की चढता दर लागूच होत नाही. मलनिःसारणाचा आकारही पाण्याच्या बिलाच्या प्रमाणात असल्याने तिथेही हेच घडते. पुण्यात तर घरगुती पाणीपट्टी दीर्घकाळ मिळकतकराच्या बिलातून, घराच्या करपात्र मूल्यावर आकारली गेली. नळातून किती पाणी आले याच्याशी तिचा संबंध नव्हता.

याच शहरात दुसऱ्या टोकाला काय होते, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईत झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असा भेद वर्षानुवर्षे पाळला गेला. वस्ती अनधिकृत आहे म्हणून तिला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट केले. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण महापालिकेने आणले ते २०२२ मध्ये. मधल्या काळात ज्यांना जोडणी नव्हती, त्यांनी पाणी विकतच घेतले. पिंपाच्या आणि हंड्याच्या भावाने. तो भाव हजार लिटरला सहा रुपये खचितच नव्हता. पाणी सर्वांत स्वस्त मिळते ते सर्वाधिक वापरणाऱ्याला आणि सर्वांत महाग पडते ते मोजून वापरणाऱ्याला, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

टंचाईच्या काळातही ती बदलत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तलावांतील साठा तळाला गेला तेव्हा मुंबईत ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली. ती जुलैच्या अखेरीस मागे घेण्यात आली. कपात टक्केवारीने आणि सर्वांना सारखी असते. परंतु ज्या इमारतीच्या तळघरात मोठी टाकी आहे आणि टँकर मागवण्याची ऐपत आहे, तिथे दहा टक्के म्हणजे कागदावरचा आकडा. ज्या वस्तीत दिवसातून तासभर, कमी दाबाने पाणी येते, तिथे दहा टक्क्यांत शेवटच्या घरांचे हंडे रिकामे राहतात.

सामाईक भाराचा दुसरा अर्थ अगदी शब्दशः आहे. अडीचशे लिटर पाण्याचे वजन अडीचशे किलो. कृत्रिम दगडाच्या टबाचे स्वतःचे वजन दीडशे किलोपर्यंत जाते, त्यात माणसाचे सत्तर किलो. हा पावणेपाचशे किलोंचा भार जेमतेम सव्वा चौरस मीटर जागेवर येतो. निवासी इमारतीत न्हाणीघराच्या जमिनीसाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा चलभार गृहीत धरते. न्हाणीघर मोठे असेल तर एकूण भार मर्यादेत बसू शकतो. पण टब चार पायांवर उभा असेल तर भार त्या चार बिंदूंवर एकवटतो. म्हणून नव्या इमारतीत आराखड्यातच त्याची तरतूद हवी आणि जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याच्या तपासणीशिवाय असा टब बसवणे अनुचित. प्रत्यक्षात नूतनीकरणाच्या वेळी अंतर्गत सजावटकार आणि प्लंबर यांच्यातच हा निर्णय होतो.

गळतीचेही तसेच. भिंतीलगतच्या टबाचा नळ भिंतीतून येतो. सुट्या टबाला मात्र पाणी आणण्यासाठी आणि सोडण्यासाठी जमिनीखालून नळ्या न्याव्या लागतात. त्यासाठी फरशी फोडली, की मूळ जलरोधक थर फुटतो. तो नीट जोडला नाही, तर काही महिन्यांत खालच्या घराच्या छतावर ओल दिसू लागते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधील अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्याने करायचा असतो. गृहबांधणी क्षेत्राच्या ‘रेरा’ कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. पण फ्लॅटधारकाने स्वतः फरशी फोडून काम केले असेल, तर दोष कोणाचा, या वादात वर्षे जातात. तोवर खालच्या घरातील रंगाचे पोपडे पडतच असतात.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. शहरात असे टब आहेत तरी किती? जुन्या वाहिन्यांतील गळती आणि चोरी यांत मुंबईचे दररोज शेकडो दशलक्ष लिटर पाणी वाया जाते. त्यापुढे टबांचे पाणी म्हणजे दर्यामे खसखस. महापालिकेने आपले घर आधी सावरावे, मग नागरिकांच्या न्हाणीघरात डोकवावे. यातला पहिला भाग निर्विवाद आहे; गळती थांबवणे हे पालिकेचे पहिले कर्तव्य आहे आणि टबावर टीका करून ते टळणार नाही. दुसराही एक मुद्दा टबाच्या बाजूने आहे. टब महिन्यातून एक-दोनदा भरला जातो, तर छतातला ‘रेन शॉवर’ रोज चालतो. मिनिटाला वीस लिटर सोडणारा असा शॉवर दहा मिनिटे चालला की दोनशे लिटर गेले. टबात पाणी डोळ्यांसमोर साचते, म्हणून त्याचा अपराध दिसतो. शॉवरचे पाणी जाळीतून निघून जाते आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा प्रश्न एकट्या टबाचा नाही, टबाबरोबर येणाऱ्या संपूर्ण न्हाणीघराचा आहे. आणि ती न्हाणीघरे आता थोडी राहिलेली नाहीत.

इतर शहरांनी यावर काय केले, हे पाहणे उपयुक्त ठरेल. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनने २०१८ च्या फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, तेव्हा तेथील हॉटेलांनी टबांची बुचे काढून ठेवली. टब जागेवर राहिले. भरता मात्र येईनात. शहर त्या संकटातून निभावले, त्यात नागरिकांनी कमी केलेल्या वापराचा वाटा मोठा होता. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याची ओरड झाली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने मोटारी धुणे, बागा शिंपणे यांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजार रुपये दंड ठरवला आणि व्यापारी आस्थापना, निवासी संकुले यांच्या नळांना प्रवाह कमी करणारे एरेटर बसवणे सक्तीचे केले. एरेटर ही काही रुपयांची जाळी आहे. ती पाण्यात हवा मिसळते आणि हात धुणाऱ्याला फरक जाणवू न देता प्रवाह घटवते. पण दोन्ही शहरांना ही जाग आली ती पाणी संपत आल्यावर.

महाराष्ट्राला त्यासाठी संकटाची वाट पाहण्याचे कारण नाही. नवीन इमारतींत सदनिकानिहाय पाणीमीटर बंधनकारक केला, तर चढत्या दराला प्रथमच अर्थ येईल. टब भरणारा आपल्या टबाचे बिल स्वतः भरेल आणि शेजारच्या दांपत्याला त्याचा भुर्दंड बसणार नाही. चढत्या दराचा वरचा टप्पाही खऱ्या खर्चाच्या जवळ न्यायला हवा. भारतीय मानक ब्यूरोने पाणी वाचवणाऱ्या नळ, शॉवर व संडासभांड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र मानक तयार केले आहे. विजेच्या उपकरणांवरील तारे पाहून खरेदी करण्याची सवय ग्राहकाला लागली, तशी ती नळाच्या बाबतीतही लावता येईल. बांधकाम परवानगी देताना या मानकाची अट घालणे हा त्याचा सोपा मार्ग आहे. आंघोळीचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. ते वेगळ्या नळीने गोळा करून, शुद्ध करून संडासासाठी वापरले, तर टबातील अडीचशे लिटर दुसऱ्यांदा उपयोगी पडतात. मोठ्या संकुलांना पुनर्वापराची अट आजही आहे; पण संयंत्र बसवले जाते ते भोगवटा प्रमाणपत्रापुरते आणि पुढे वीजबिल वाचवण्यासाठी बंद पडते. तपासणीविना ही अट निरर्थक आहे.

टबावर बंदी घालावी, अशी मागणी यातून निघत नाही आणि निघू नये. दिवसभर लोकलमध्ये किंवा वाहतूककोंडीत शिणलेल्या माणसाने कोमट पाण्यात अर्धा तास निवांत पडावेसे वाटणे, यात गैर काही नाही. मात्र ज्या वस्तूसाठी लाखो रुपये मोजायची तयारी आहे, तिच्यात भरायच्या पाण्यालाही रास्त मोल द्यायची तयारी हवी आणि ते मोल वसूल करण्याची यंत्रणा शासनाने उभी केली पाहिजे. तोवर भातसाच्या काठावरील पाड्यातील बाई डोक्यावर हंडा घेऊन चालत राहील आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या जलवाहिनीतील पाणी शंभर किलोमीटरवरच्या एखाद्या टबात दीड रुपयाला पडेल.